फ्रेम मोजावी की वेळ?

व्हिडिओ एडिटिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. कोपऱ्यात घड्याळासारखा एक आकडा दिसतो: ००:०१:२३:१४. तास, मिनिटं, सेकंद हे लगेच कळतं. चौथी जोडी मात्र विचित्र वागते. ती बहुतेकदा साठपर्यंत जातच नाही. तेवीस, चोवीस किंवा एकोणतीसवर पोचली की पुन्हा शून्यावर येते. ही जोडी फ्रेम्सची, आणि या अख्ख्या आकड्याला म्हणतात टाइमकोड.

आता प्रीमिअर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये कंट्रोलचं बटण दाबून त्या आकड्यावर एक-दोनदा क्लिक करा. घड्याळ गायब होतं आणि तिथे एक सलग आकडा उरतो: २००६. सेकंदाला २४ फ्रेम्स या हिशोबाने सुरुवातीपासून इतक्या फ्रेम्स मागे पडल्या. फायनल कट, दा विंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह या सगळ्यांत ही सोय आहे. ब्लेंडरची टाइमलाइन तर मुळात फ्रेम्समध्येच बोलते.

पहिल्यांदा हे घडतं तेव्हा बहुतेकांना वाटतं, चुकून काहीतरी दाबलं गेलं. मग घाईघाईने घड्याळ परत आणलं जातं. पण ती सोय तिथे उगाच ठेवलेली नाही. एक आकडा सांगतो, किती चित्रं झाली. दुसरा सांगतो, किती वेळ झाला. आज आपल्याला दोन्ही गोष्टी एकच वाटतात. सिनेमाच्या इतिहासात बराच काळ त्या एक नव्हत्या. त्या एकच आहेत असं धरून चालल्यामुळे कधी चांगली धडधाकट माणसं पडद्यावर हास्यास्पद दिसली, तर कधी एका खुनाच्या तपासात सगळा पेच सेकंदांवर येऊन थांबला.

कुंडीतला वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले आणि त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. मोठा चित्रपट काढायला पैसा हवा होता, आणि पैसा देणाऱ्यांना आधी खात्री हवी होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण केलं. बी फुटतं, अंकुर वर येतो, त्याचा वेल होतो; पडद्यावर हे सगळं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवलाची वाट मोकळी केली.

आता या फिल्मची लांबी किती? घड्याळाला विचारलं तर दोन उत्तरं येतात. कुंडीपुढे महिना गेला, पडद्यावर मिनिट. फिल्मच्या पट्टीला विचारलं तर उत्तर एकच: तिच्यावर जेवढी चित्रं आहेत तेवढी.

त्या काळात चित्रं मोजणं हे अगदी हाताचं काम होतं. कोरी फिल्म छिद्रं न पाडलेली यायची. छिद्रं पाडायचं यंत्र फाळक्यांनी आणलं होतं आणि सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून ते चालवत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं लागतात, आणि एका फुटात सोळा फ्रेम्स बसतात. फ्रेम म्हणजे बोटांना लागणारी, उजेडात धरून बघता येणारी वस्तू होती. वेळ मात्र त्या पट्टीवर कुठेच लिहिलेली नव्हती.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर सुमारे ५९,२०० फ्रेम्स होतात. हा चित्रपट किती मिनिटांचा होता? सेकंदाला सोळा फ्रेम्स या वेगाने दाखवला तर सेकंदाला बरोबर एक फूट सरकतो आणि खेळ एक तास दोन मिनिटांच्या आसपास चालतो. तोच सेकंदाला चोवीस फ्रेम्सने दाखवला तर एकेचाळीस मिनिटांत संपतो. एकही फ्रेम कापलेली नाही, तरी वीस मिनिटं गायब.

कारण वेग ठरवणारं यंत्र नव्हतं, माणूस होता. कॅमेरामन त्र्यंबक तेलंग हाताने हँडल फिरवत. मूकपटांच्या काळात जगभर हेच चाले. कॅमेरामन तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणून हाताची लय सांभाळत. थेटरातला ऑपरेटर आपल्या अंदाजाने फिल्म सोडे. शेवटचा खेळ लवकर उरकायचा असला की जरा जास्तच वेगाने. चित्रांची संख्या पक्की होती, त्यांचा वेळ दोन माणसांच्या हातांमध्ये वाटलेला होता.

पुढे प्रोजेक्टर चोवीसच्या वेगाला बांधले गेले आणि सोळा-अठराने टिपलेले मूकपट त्यांच्यावर तसेच चढवले गेले. जुन्या फिल्ममधली माणसं तुरुतुरु चालतात, लटपटत हात हलवतात, ते यामुळे. कित्येक पिढ्यांची समजूत झाली की त्या काळचा अभिनयच तसा माकडचेष्टांचा होता. ती माणसं आपल्या चालीने चालत होती. घाई आपल्या यंत्राने केली.

फूट आणि फ्रेम

वेळ पक्की केली ती आवाजाने. डोळा वेगातला फरक सहन करतो. कानाला तो चालत नाही. वेग जरा बदलला की आवाज चिरका होतो किंवा ओढल्यासारखा वाटतो. त्यामुळे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले तेव्हा वेग मोटरने बांधावा लागला आणि सेकंदाला २४ फ्रेम्स हे प्रमाण ठरलं. मार्च १९३१मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. सरस्वतीबाईंच्या काळातली तीच चार छिद्रं, तीच फुटाला सोळा चित्रं. फक्त आता सेकंदाला दीड फूट हा नियम झाला.

तरीही संकलक वेळेत बोलत नव्हते. टेबलावर घड्याळ ठेवण्यापेक्षा फूट मोजणारं यंत्र ठेवणं त्यांना सोयीचं होतं, कारण हातात असायची ती पट्टी. ‘दहा फूट सहा फ्रेम्स’ अशी भाषा चाले. मिनिटाला नव्वद फूट, हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटांहून थोडं जास्त, हे गणित तोंडपाठ. फिल्मच्या कडेवर कारखान्यातूनच दर फुटाला आकडे छापून यायचे. फिल्म धुतली की ते उमटत. निगेटिव्ह कापणारा त्या आकड्यांवरून नेमकी जागा शोधे. आजही काही सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोड आणि फ्रेम्सच्या जोडीला ‘फीट प्लस फ्रेम्स’ असा तिसरा पर्याय दिसतो. तो या टेबलांवरून आलेला आहे.

आपल्याकडे प्रेक्षकांनीही ही मापं पाहिली आहेत. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉर प्रमाणपत्र यायचं, त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असायची. थेटरात बसलेल्या जाणत्या काकांना चार हजार मीटर दिसले की कळायचं, जवळजवळ अडीच तासांचा आहे, मध्यंतरात वडा खाऊन घ्यायला हवा. आता तिथे मिनिटं आणि सेकंद दिसतात. सरकारी कागदावर सिनेमा मोजण्याचं माप वस्तूवरून वेळेवर कधी सरकलं, याची कुणी फारशी दखलही घेतली नाही.

फ्रेमवर सगळ्यात जास्त जीव होता तो ॲनिमेशन करणाऱ्यांचा. त्यांना प्रत्येक फ्रेम स्वतः काढावी लागते, त्यामुळे सेकंद ही त्यांच्यासाठी फार ढोबळ गोष्ट. त्यांच्या तक्त्यावर प्रत्येक फ्रेमला एक ओळ असते: कुठलं चित्र, कुठला ओठ, किती फ्रेम्स धरायचा. रोड रनर आणि कायोटीच्या कार्टून्सचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी सांगितलेला हिशोब प्रसिद्ध आहे. कायोटी कड्यावरून पडला की दूर खाली दिसेनासा व्हायला अठरा फ्रेम्स, आणि त्यानंतर चौदा फ्रेम्सनी तो जमिनीवर आदळायचा. त्यांच्या मते तेरा फ्रेम्सना हशा येत नसे आणि पंधरालाही नाही. चौदा फ्रेम्स म्हणजे साधारण ०.५८ सेकंद. पण हे कुणी ०.५८ म्हणून शोधलेलं नाही. चौदाच्या अलीकडे तेरा आहे आणि पलीकडे पंधरा, मध्ये काही नाही. फ्रेम मोजणाऱ्याला हातात घेऊन निवडता येतील अशा वस्तू दिसतात; वेळ मोजणाऱ्याला एक सलग प्रवाह.

ऑस्ट्रियाचे पीटर कुबेल्का तर त्याच्या टोकाला गेले. त्यांची १९६०ची ‘आर्नुल्फ रायनर’ ही फिल्म फक्त काळ्या आणि पांढऱ्या फ्रेम्सची आहे. एकूण ९,२१६ फ्रेम्स, म्हणजे चोवीस गुणिले चोवीस गुणिले सोळा. घड्याळात ती ६ मिनिटं २४ सेकंद भरते. फिल्मची रचना समजून घ्यायची तर घड्याळाचा उपयोग नाही, तो गुणाकारच बघावा लागतो.

फ्रेम ३१३

२२ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेतल्या डॅलस शहरात अब्राहम झप्रुडर नावाचा कपड्यांचा व्यावसायिक किल्लीच्या स्प्रिंगवर चालणारा घरगुती ८ मिलिमीटर कॅमेरा घेऊन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची मिरवणूक टिपत उभा होता. त्याच्या कॅमेऱ्यात हत्या टिपली गेली. कॅमेऱ्यात घड्याळ नव्हतं, आवाजही नव्हता. तपास करणाऱ्यांच्या हाती होत्या फक्त ४८६ फ्रेम्स.

त्यांना एकापासून क्रमांक दिले गेले. त्या क्रमांकांमुळे ही फिल्म जगातली बहुधा सगळ्यात बारकाईने वाचली गेलेली पट्टी झाली. डोक्याला गोळी लागते ती फ्रेम ३१३. हा क्रमांक तेव्हापासून नावासारखा वापरला जातो.

पण पोलिसांचा प्रश्न क्रमांकाचा नव्हता, वेळेचा होता. एकच माणूस त्या बंदुकीतून इतक्या पटकन गोळ्या झाडू शकतो का? बंदुकीच्या चाचणीत दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी २.३ सेकंद लागतात असं दिसलं. आता हे फिल्मवर कसं ताडून बघायचं? त्यासाठी कॅमेऱ्याचा वेग माहीत हवा. एफबीआयने तोच कॅमेरा तपासला आणि सरासरी काढली: सेकंदाला १८.३ फ्रेम्स. मग २.३ सेकंद म्हणजे साधारण ४२ फ्रेम्स. वॉरन आयोगाने मानलं की केनेडींना पहिली गोळी फ्रेम २१० ते २२५ यांच्या दरम्यान लागली. तिथून ३१३पर्यंत ८८ ते १०३ फ्रेम्स, म्हणजे ४.८ ते ५.६ सेकंद.

या हिशोबात दोन प्रकारचे आकडे आहेत, हे नीट बघा. २१०, २२५, ३१३ हे कुणीही मोजून बघावेत, तेच येतील. ४.८ आणि ५.६ मात्र १८.३वर उभे आहेत, आणि १८.३ ही एका स्प्रिंगची सरासरी आहे. वेग जरा इकडे-तिकडे झाला की सेकंद हलतात, फ्रेम्स जागच्या जागी राहतात.

अर्थात क्रमांकही आपोआप पवित्र होत नाही. आयोगाने छापलेल्या खंडांमध्ये फ्रेम ३१४ आणि ३१५ यांची अदलाबदल झाली. दोनच चित्रं, पण त्यांचा क्रम उलटला की डोकं कुठल्या दिशेने हललं तेच उलटं दिसतं. ही छपाईची चूक असल्याचं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी नंतर मान्य केलं. शिवाय मूळ फिल्म ‘लाइफ’ मासिकाकडे असताना २०८ ते २११ या फ्रेम्स खराब होऊन कापल्या गेल्या. त्या प्रतींमध्ये उरल्या, मुळातून गेल्या. फ्रेम्सना क्रमांक होते म्हणूनच काय हरवलंय ते नेमकं सांगता आलं. क्रमांक नसते तर पट्टी नुसती जोडलेली दिसली असती.

न दिसणारी फ्रेम

मग इतका भरवशाचा फ्रेमचा आकडा सोडून घड्याळ आलं कुठून? ते आलं व्हिडिओ टेपमधून.

ॲम्पेक्स कंपनीने १९५६मध्ये चालण्याजोगं व्हिडिओ टेपयंत्र आणलं. दोन इंच रुंद तपकिरी पट्टी. फिल्म उजेडात धरली की चित्र दिसतं. ही पट्टी उजेडात धरली की तपकिरी पट्टीच दिसते. सुरुवातीला संकलक तिच्यावर लोहकणांचं द्रव लावत, चुंबकीय खुणा उमटल्या की सूक्ष्मदर्शकातून बघत आणि दोन फ्रेम्सच्या मधली जागा साधून ब्लेडने कापत. चुकीच्या जागी कापलं की पडद्यावर चित्र फाटे. बोटांना लागणारी फ्रेम आता राहिली नव्हती.

जी वस्तू दिसत नाही तिला पत्ता द्यावा लागतो. क्षेपणास्त्रांच्या आणि अवकाशयानांच्या चाचण्यांमध्ये नोंदींच्या टेपवर वेळेचा संकेत उमटवायची पद्धत आधीपासून होती. इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग कंपनी ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने १९६७मध्ये त्याच धर्तीवर व्हिडिओ टेपसाठी यंत्रणा आणली. प्रत्येक फ्रेमबरोबर ऐंशी बिटांचा एक छोटा संदेश: तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम. तो आवाजाच्या पट्टीवर नोंदवता येई. कान देऊन ऐकला तर किरकिर वाजे. पुढे अमेरिकेतल्या चित्रपट आणि टेलिव्हिजन अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं प्रमाण ठरवलं आणि १९७०च्या दशकात ते जगभर पसरलं. पत्त्यासाठी घड्याळाचं रूप निवडलं याचं कारण सरळ आहे. टेलिव्हिजन चालतं घड्याळावर. बातम्या नऊला लागतात, जाहिरात तीस सेकंदांची असते. चॅनेलवाल्याला सव्वीस हजारावी फ्रेम सांगून काय उपयोग?

पण अमेरिकेत या घड्याळाला जन्मतःच खोट होती. तिथे टीव्ही सेकंदाला ३० फ्रेम्सवर चालत असे. १९५३मध्ये रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरताना रंगाचा आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून चित्रावर जाळी पडू नये म्हणून वेग हजारात एकाने कमी केला गेला. तीसचे झाले २९.९७. डोळ्याला काही कळत नाही. पण टाइमकोड मोजतो तीस, आणि प्रत्यक्षात येतात २९.९७. तासाभरात १०८ फ्रेम्सचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. टाइमकोडवर एक तास झाला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ ३.६ सेकंद पुढे गेलेलं असतं.

यावर काढलेला तोडगा बघून हसू येतं. दर मिनिटाला पहिले दोन आकडे गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. ००:००:५९:२९ नंतर थेट ००:०१:००:०२. तासातल्या ५४ मिनिटांना दोन-दोन, म्हणजे बरोबर १०८ आकडे गळतात आणि घड्याळ जुळतं. याला म्हणतात ड्रॉप फ्रेम. नाव ऐकून लोक घाबरतात की फ्रेम्स फेकल्या जातात की काय. चित्र एकही जात नाही, गळतात ती नावं. जुन्या लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदावा मजला लिहिलेला असतो, तसंच. चाळीतले मजले मोजायचे तर बटणांवरचे आकडे वजा करून चालणार नाही. टाइमकोडचे दोन आकडे वजा करून फ्रेम्स काढायला गेलेले नवे संकलक इथेच फसतात.

आपल्याकडे ही भानगड आली नाही. भारतात टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला सरळ २५ फ्रेम्स. पण आपली गंमत वेगळी होती. चित्रपट २४चा आणि टीव्ही २५चा. पॅल देशांतली सर्वसाधारण रीत अशी की फिल्म सरळ २५च्या वेगाने सोडायची. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट टीव्हीवर १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतका वर चढतो. फ्रेम्स तेव्हाही २,१६,००० आणि आताही २,१६,०००. ज्यांनी जुनी गाणी फक्त टीव्हीवर ऐकली आणि मग रेकॉर्डवर ऐकली, त्यांना कधीतरी पट्टी वेगळी का वाटली, याचं एक कारण हे असू शकतं.

पुन्हा आकडा

१९७१मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून सीएमएक्स ६०० नावाचं यंत्र आणलं. चित्रं संगणकाच्या डिस्कवर आणि संकलन पडद्याकडे बघून. तिथून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंतचा प्रवास लांब आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाची. संगणकात फ्रेम पुन्हा मोजता येण्याजोगी वस्तू झाली. बोटांना लागत नाही, पण यादीतली दोन हजार सहावी नोंद मागितली तर तीच येते. टाइमकोड हा आता बहुतेक वेळा त्या नोंदीवर चढवलेला पोशाख असतो. त्यामुळेच एका क्लिकमध्ये तो उतरवता येतो.

ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सवाले तो उतरवूनच काम करतात. मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओत परदेशी चित्रपटाचा शॉट येतो तेव्हा तो बहुधा एकेका फ्रेमच्या फायली म्हणून येतो आणि क्रमांक अनेकदा १००१पासून सुरू होतात. एकपासून का नाही? उद्या दिग्दर्शक म्हणाला, शॉट आधी आठ फ्रेम्स सुरू करा, तर एकाच्या आधी शून्य आणि मग उणे आकडे येतील. १००१च्या आधी ९९३ सुखाने येतो. तिथे बसून एखाद्या नटाची कड फ्रेम-फ्रेमने कापणाऱ्या मुलीला ‘सव्वातीन सेकंदांपाशी हात चुकलाय’ हा निरोप निरुपयोगी आहे. ‘१०७८ बघ’ हे तिला लगेच कळतं.

आकड्याचे स्वतःचे सापळेही आहेत. दहाव्या फ्रेमपासून विसाव्यापर्यंत किती फ्रेम्स? वजाबाकी दहा सांगते, पण दोन्ही टोकं धरली तर अकरा. कुंपणाला दहा फळ्या लागल्या तर खांब अकरा लागतात, तेच हे. कुणी शून्यापासून मोजतं, कुणी एकापासून. दोन विभागांनी वेगळं मोजलं की ओठ एका फ्रेमने पुढे जातात. आणि सगळ्यात मोठा सापळा: आकडा वेग सांगत नाही. ‘२००६’ हे चोवीसच्या हिशोबाने ८३ सेकंदांच्या पुढे आहे आणि पंचवीसच्या हिशोबाने ८० सेकंदांच्या पुढे. फ्रेमचा आकडा कुणाला पाठवायचा असेल तर वेगही लिहून पाठवावा लागतो. झप्रुडरच्या कॅमेऱ्यातली १८.३ची अडचण अजून तशीच आहे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी यावर वेगळीच युक्ती शोधली. ॲपलच्या क्विकटाइममध्ये सेकंदाचे ६०० भाग करायची पद्धत रूढ झाली. ६०० का? कारण त्याला २४ने, २५ने आणि ३०ने नि:शेष भाग जातो. २०१८मध्ये फेसबुकच्या ऑक्युलस विभागाकडून ‘फ्लिक’ हे एकक आलं: एका सेकंदाचा ७०,५६,००,००० वा भाग. त्याने सगळे नेहमीचे फ्रेमवेग आणि आवाजाचे वेग पूर्णांकात बसतात. वेळ आणि चित्रं यांचं भांडण मिटवायला माणसाने सेकंदाचे सत्तर कोटी तुकडे केले.

हातातलं हँडल

आता खिशातला फोन काढा. तुम्ही ३० फ्रेम्सवर व्हिडिओ काढता, असं सेटिंग सांगतं. उजेडात ते बरंचसं खरं असतं. संध्याकाळी अंगणात, गणपतीच्या मिरवणुकीत, कमी उजेडाच्या खोलीत मात्र फोनला प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ लागतो आणि कित्येक फोन गुपचूप वेग कमी करतात. आयफोनमध्ये तर कमी उजेडात आपोआप २४वर उतरायचं सेटिंगच आहे. एकाच क्लिपमध्ये इथे सेकंदाला तीस, तिथे सत्तावीस. याला म्हणतात बदलता फ्रेमवेग. तेलंगांचा हात दमला की व्हायचं तेच हे, फक्त हँडल आता फोनच्या आत आहे आणि ते कोण फिरवतंय ते दिसत नाही.

फोन लबाडी करत नाही. तो प्रत्येक फ्रेमबरोबर ती नेमकी केव्हा दाखवायची याची नोंद ठेवतो. घोळ होतो तो पुढे. अशी क्लिप ठरावीक वेगाच्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर कुठे एखादी फ्रेम दोनदा दाखवतं, कुठे एखादी गाळतं. मुलाखतीत वेगळा माइक लावला असेल तर दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. टाइमलाइनवर दिसणारा २००६ हा टाइमलाइनच्या फ्रेम्सचा आकडा असतो, फोनने टिपलेल्या फ्रेम्सचा नव्हे. म्हणजे इतका वेळ ज्याला आपण भरवशाचा म्हणत आलो तो फ्रेमचा आकडाही इथे विचारपूस केल्याशिवाय घेता येत नाही. साधा उपाय म्हणजे संकलनाआधीच क्लिप ठरावीक वेगात बदलून घेणे आणि मूळ फाइल जपून ठेवणे.

लग्नाच्या व्हिडिओत हे फार तर डोकेदुखीचं. पण आज अपघात, मारहाण, जमाव, पोलिसांची कारवाई हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या तरी फोनमध्येच टिपलं जातं. मग ते एका ॲपमधून दुसऱ्यात जातं, दरवेळी नव्याने आवळलं जातं, कुणी वेग वाढवतं, कुणी संथ करतं. संथ केलेली ढकलाढकली ठरवून केलेला हल्ला वाटते. वेग वाढवलेला माणूस हिंसक किंवा वेडसर वाटतो. ‘त्याने तीन सेकंद वाट पाहिली आणि मग हात उचलला’ असं कुणी स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगेल. ते तीन सेकंद कुणाच्या हँडलचे, हा प्रश्न डॅलसमध्ये विचारला गेला होता. आपल्या फॉरवर्ड झालेल्या क्लिपला तो क्वचितच विचारला जातो. मूळ फाइल कुठे आहे, तिच्यात फ्रेम्स किती, प्रत्येकीची वेळ काय, एवढं विचारलं तरी बरंच काही निवळतं.

त्याचा सराव करायला एक निरुपद्रवी जागा आहे. फाळक्यांनी १९१७मध्ये ‘चित्रपट कसा तयार करतात’ अशी एक छोटी फिल्म केली होती. तिचा काही भाग टिकला आहे आणि त्यात फाळके स्वतः दिसतात. ती किंवा त्या काळची कुठलीही फिल्म यूट्यूबवर मिळाली आणि त्यातली माणसं तुरुतुरु चालताना दिसली, तर सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ करा. चोवीसचे अठरा होतात. फ्रेम तीच, संख्या तीच. पण चालणाऱ्याची टाच आता जमिनीवर नीट टेकते, आणि तो काय काम करतोय ते बघायला आपल्याला वेळ मिळतो.